बाईट वाचला कसा, आणि आपले पैसे जातात कुठे

परवा आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेल कंपन्यांच्या विरोधातल्या आंदोलनांवरून चर्चा पेटली आणि एका दादाने लिहिलं की हे बोर्ड घेऊन उभं राहणारे लोक आजवर एक तरी विहीर थांबवू शकलेत का. मी तिथेच उत्तर टाइप करायला घेतलं, पण ते इतकं लांबत गेलं की म्हटलं ब्लॉगवरच टाकूया. कारण उत्तर हो असं आहे. थांबवलीय, आणि ती सुद्धा आपण राहतो त्याच साउथ ऑस्ट्रेलियात, आणि त्यात आपल्यासारख्या ऑफिसला जाणाऱ्या, घराचे हप्ते भरणाऱ्या माणसांचा वाटा होता.

ऑस्ट्रेलियाच्या नकाशात खाली दक्षिणेला जो किनारा मोठ्ठा आत वळलेला दिसतो ना, तो ग्रेट ऑस्ट्रेलियन बाईट. इकडे सगळे नुसतं बाईट म्हणतात. वर नलारबॉरचं झाड नसलेलं सपाट पठार, ते एकदम तुटतं आणि खाली सरळ समुद्र, कडे एवढे उंच की वरून खाली बघताना पोटात गोळा येतो. सेडुना या किनाऱ्यावरच्या छोट्या गावाहून पश्चिमेला तीनेकशे किलोमीटर गेलं की हेड ऑफ बाईट लागतं, तिथे मे ते ऑक्टोबर सदर्न राइट व्हेल पिल्लांना जन्म द्यायला येतात. मी जुलैत गेले होते तेव्हा लाकडी प्लॅटफॉर्मवरून अगदी खाली एक मादी पाण्यात नुसती पडून होती आणि पिल्लू तिच्या अंगावरून इकडून तिकडे घसरत होतं, चाललंय बराच वेळ, आणि वर उभे असलेले आम्ही सगळे, लहान पोरं सुद्धा, कोणी काही बोलतच नव्हतं. या भागात सापडणाऱ्या समुद्री जीवांपैकी ८५ टक्के जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत असं सांगतात. ग्रेट बॅरियर रीफचं नाव सगळ्यांना माहीत आहे, याचं नाव ॲडलेडमध्ये दहा वर्षं राहिलेल्या आपल्या माणसांना पण माहीत नसतं.

आणि या समुद्रावर माणसं जगतात. पोर्ट लिंकनचा ट्यूना जपानला जातो, कॉफिन बे आणि स्मोकी बेची कालवं अख्ख्या देशातल्या हॉटेलांत जातात. मी उरणची, त्यामुळे खडकावर बसून कोयत्याने कालवं फोडणाऱ्या बायका बघतच मोठी झाले, इथे ती लिंबाची फोड लावून बर्फावर मांडून देतात एवढाच फरक. पाणी स्वच्छ नसेल तर कालव खाण्यालायक राहत नाही हे इथल्या शेतकऱ्यालाही माहीत आणि आमच्या मावशीलाही.

तर २०११ मध्ये बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला इथल्या समुद्रात तेल शोधायचे परवाने मिळाले. म्हणजे बघा, मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हरायझनचा स्फोट झाला तो २० एप्रिल २०१० ला, ११ कामगार गेले, विहीर ८७ दिवस वाहत होती, आणि वर्षभरात त्याच कंपनीला इकडे खोल समुद्रात परवाने. तिथे पाणी साधारण १५०० मीटर खोल होतं. बाईटमध्ये पुढे जी विहीर ठरली, स्ट्रोमलो-१ नावाची, तिथे पाणी २२०० मीटरहून जास्त खोल, किनाऱ्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या वर आत, आणि समुद्र कुठला तर सदर्न ओशन, जिथे लाटांना अंटार्क्टिकापर्यंत आडवं काहीच नाही. मेक्सिकोच्या आखातात आसपास बोटी, रिग, माणसं, सामान सगळं हाताशी होतं तरी तीन महिने लागले. इथे बाईटच्या काठाला काय आहे, तर सेडुना आणि दोन-चार जेट्टी.

विरोध लगेच मोठा वगैरे झाला नाही. आधी वाइल्डरनेस सोसायटी या पर्यावरण संस्थेची थोडी माणसं, या किनाऱ्याचे मूळ रहिवासी मर्निंग लोक, मच्छीमारांपैकी काहीजण, आणि ते करत काय होते तर कागद वाचत होते. ऑस्ट्रेलियात समुद्रातल्या ड्रिलिंगची परवानगी नॉप्सेमा नावाची सरकारी यंत्रणा देते, कंपनीने पर्यावरण आराखडा द्यायचा, त्यांनी तपासायचा. बीपीचा आराखडा एकदा नव्हे परत परत सुधारणेसाठी माघारी गेला. नंतर माहिती अधिकारातून बीपीचा पत्रव्यवहार बाहेर आला त्यात तर त्यांनी असं म्हटलं होतं की तेल सांडलंच तर साफसफाईच्या कामामुळे स्थानिक अर्थव्यवस्थेला चांगलाच हातभार लागेल. मी ते वाचलं तेव्हा अक्षरशः अंगाची आग झाली, कारण साफसफाई म्हणजे काय असतं ते मी पाहिलंय, ते खाली सांगते.

ऑक्टोबर २०१६ मध्ये बीपी गेली. एक वर्षाने शेवरॉन गेली, ही अमेरिकन कंपनी, तिचेही इथे परवाने होते. बीपीचे परवाने घेतले नॉर्वेच्या स्टॅटऑइलने, जिने २०१८ मध्ये नाव बदलून इक्विनॉर केलं, आणि तिच्यात ६७ टक्के मालकी नॉर्वे सरकारची. लोकांना वाटलं आता कठीण आहे, कारण ही कंपनी म्हणजे जबाबदार देशाची जबाबदार कंपनी अशी तिची प्रतिमा. पण २०१८ च्या शेवटी तिचाच मसुदा ग्रीनपीसने बाहेर काढला, तेल गळतीच्या आणीबाणीचा, आणि त्यात एक नकाशा होता. सगळ्यात वाईट परिस्थितीत तेल कुठवर जाऊ शकतं याचा. पश्चिमेकडे वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा किनारा, पूर्वेकडे व्हिक्टोरिया, टास्मानिया, आणि वळसा घालून पार न्यू साउथ वेल्समधल्या पोर्ट मॅक्वारीपर्यंत. कंपनीचं म्हणणं की ही शंभर शक्यतांची बेरीज आहे, एका गळतीत एवढं सगळं होत नसतं, आणि ते तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होतं. पण त्या नकाशाने एक काम केलं. तोपर्यंत हा सेडुनाच्या लोकांचा प्रश्न होता, त्या दिवसापासून तो मेलबर्नजवळच्या टोर्कीतल्या सर्फिंग करणाऱ्या पोरांचा प्रश्न झाला, बायरन बेच्या खाली राहणाऱ्यांचा झाला. माझ्या मते सगळ्या लढ्यातला खरा वळणबिंदू हाच. माणूस आपल्या बीचवर रंगवलेला पट्टा बघतो तेव्हा जागा होतो, त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्यापर्यंत नकाशा पोचवायला पाहिजे.

मग २०१९ मध्ये पॅडल-आउट सुरू झाले. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, सर्फर लोकांत कोणी गेलं की सगळे आपापले बोर्ड घेऊन लाटांच्या पलीकडे जातात, गोल करून बसतात, हात धरतात आणि मग पाणी उडवत ओरडतात, तीच श्रद्धांजलीची पद्धत इथे आंदोलनाला वापरली. आमच्या जवळच्या बीचवर झाला तेव्हा मी काठावरच होते, मला पोहता येतं ते विहिरीतलं, या लाटांत जायची हिंमत नाही. पण काठावर पण मजा नुसती. एक सत्तरीच्या पुढच्या आजी, वेटसूटची चेन नातवाकडून लावून घेतायत आणि त्याला सांगतायत की मी इथे तुझ्या आजोबांबरोबर यायचे. शेजारी एक मच्छीमार, हाताला भेगा, तो मला म्हणाला की मी ग्रीन वगैरे कोणी नाहीये, मी लिबरलला, म्हणजे इथल्या उजव्या पक्षाला, मत देतो, पण माझी बोट इथे आहे. आणि मग पाण्यात शेकडो बोर्ड हळूहळू लाटांच्या मागे गेले, गोल झाला, आणि एवढ्या लांबून सुद्धा ती आरोळी काठावर आली तेव्हा आजूबाजूला सगळ्यांचे डोळे भरलेले. असले गोल त्या वर्षी देशभर झाले, नोव्हेंबरमध्ये तर एकाच दिवशी डझनावारी बीचवर. किनाऱ्यावरच्या कौन्सिलांनी, म्हणजे इथल्या नगरपालिकांनी, कांगारू आयलंड धरून, विरोधाचे ठराव केले. इक्विनॉरचा आराखडा लोकांच्या सूचनांसाठी ठेवला तर ३० हजारांहून जास्त लोकांनी लिहून पाठवलं, पहिल्यांदाच असा आराखडा मान्यतेच्या आधी लोकांसमोर ठेवला होता आणि लोकांनी खरंच तो वाचला.

यात मर्निंग लोकांबद्दल वेगळं सांगायलाच हवं. हा किनारा त्यांचा, हजारो वर्षं, आणि जीडारा हा पांढरा व्हेल त्यांचा पूर्वज, बाईट त्यानेच घडवला असं ते मानतात. त्यांचे ज्येष्ठ बन्ना लॉरी, जे संगीतकार म्हणूनही इकडे नावाजलेले आहेत, ते थेट नॉर्वेला जाऊन बोलून आले. आणि नॉर्वेत हा विषय चांगलाच झोंबला कारण तिकडे त्याच सुमारास, एप्रिल २०१९ मध्ये, लोफोटेन बेटांजवळच्या तेलाला तिथल्या लेबर पार्टीने पाठिंबा काढून घेतला होता, म्हणजे तिथल्या मासेमारीच्या, निसर्गाच्या समुद्रात तेल नको असं त्यांच्याच लोकांनी ठरवलेलं. मग स्वतःच्या दारात नको ते आमच्या दारात कसं चालतं, हा प्रश्न इतका सरळ होता की त्याला उत्तर नव्हतं.

एवढं सगळं होऊन १८ डिसेंबर २०१९ ला नॉप्सेमाने परवानगी दिली. ख्रिसमसच्या आठवडाभर आधी. त्या वेळी इकडे जंगलं जळत होती, सिडनीवर धूर, पुढच्याच दिवसांत ॲडलेड हिल्समध्ये आग, आणि बातमी ही. मला आठवतंय मी नवऱ्याला म्हटलं संपलं रे सगळं. पण वाइल्डरनेस सोसायटीने जानेवारीत कोर्टात केस टाकली, लोक पुढच्या पॅडल-आउटच्या तारखा ठरवायला लागले, आणि २५ फेब्रुवारी २०२० ला इक्विनॉरने जाहीर केलं की आम्ही खोदणार नाही.

कारण काय दिलं? की आमच्याकडच्या इतर पर्यायांच्या तुलनेत हा प्रकल्प व्यावसायिकदृष्ट्या स्पर्धात्मक नाही. आंदोलनाचं नाव पण नाही त्यात. आणि आमच्या ग्रुपवरच्या दादाचा मुद्दा हाच की बघा, धंद्याचा निर्णय होता, तुमच्यामुळे काही झालं नाही.

मला नेमकं इथेच बोलायचंय. धंद्याचा निर्णय होता हे मान्यच आहे. पण धंद्याचं गणित बिघडवलं कोणी? २०११ ला परवाने मिळाले आणि २०२० पर्यंत एक विहीर खोदली गेली नाही. दरवेळी आराखडा परत, दरवेळी नवीन अभ्यास, नवीन सूचना, नवीन कोर्ट, नवीन प्रश्न शेअरहोल्डरांच्या मीटिंगमध्ये. खोल समुद्रातली रिग भाड्याने घ्यायला रोजचे लाखो डॉलर लागतात, ती कुठल्या महिन्यात लागणार हेच सांगता येत नसेल तर हिशोब कोण मांडणार. तीन मोठ्या कंपन्या, तिघींनी जाताना साधारण एकाच सुरात पैशाचं कारण सांगितलं. आंदोलन करणाऱ्यांनी त्यावर वाद घालत बसू नये असं मला वाटतं. कंपनीला समुद्राची दया येऊन ती निघून जाईल असं कोणीच धरून चाललं नव्हतं. उशीर हाच मार्ग होता, आणि तो उशीर नऊ वर्षं टिकवणं हे काम होतं, कंटाळवाणं, कागदांचं, मीटिंगांचं, परत परत तेच बोलायचं काम. ते ज्यांनी केलं त्यांना मी मनापासून मानते.

आता साफसफाईचं सांगते. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या दोन जहाजांची टक्कर झाली आणि चित्रामधलं तेल सांडलं. ते खोल समुद्रातल्या विहिरीच्या मानाने काहीच नाही, एका जहाजाचं इंधन. पण उरण, एलिफंटा, अलिबागपर्यंत काळं झालं. आमच्याकडे खाडीतली तिवरं, ज्या मुळ्या चिखलातून वर उभ्या असतात ना श्वास घ्यायला, त्या सगळ्या गुडघाभर काळ्या चकचकीत. मावशी सांगायची की हाताला लागलं तर साबणाने निघत नाही, रॉकेलने पुसायचं आणि मग रॉकेलचा वास दोन दिवस. निवट्या, खेकडे मेलेले. पण त्याहून मोठा फटका बाजारात. मासे लांबून आणलेले असले तरी घ्यायला गिऱ्हाईक नाही, कोळणी सकाळपासून टोपल्या मांडून बसल्यात आणि बर्फ वितळून खाली पाणी वाहतंय. नारळी पौर्णिमेच्या आसपासचे दिवस ते, वर्षातली कमाई सुरू व्हायची वेळ. तिवरांना चोळून धुता येत नाही, तेल भरतीबरोबर येतं आणि ओहोटीला मुळांवर बसतं. स्थानिक अर्थव्यवस्थेला हातभार म्हणणाऱ्या माणसाने त्या टोपल्यांसमोर एक सकाळ बसावं.

आणि लांबच्या विहिरीचं तेल किनाऱ्यापर्यंत येत नाही असं कोणी म्हणालं तर मोंटाराचं सांगायचं. ऑस्ट्रेलियाच्याच हद्दीत, तिमोर समुद्रात, २१ ऑगस्ट २००९ ला विहीर फुटली, थायलंडच्या कंपनीची, ७४ दिवस वाहत राहिली. तेल पोचलं इंडोनेशियात, रोटे बेटावर, जिथे लोक दोरीला बांधून समुद्री शेवाळाची शेती करायचे. शेवाळ पांढरं पडून गळून गेलं. त्या १५ हजार शेतकऱ्यांची केस ऑस्ट्रेलियाच्या कोर्टात चालली आणि २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, २०२२ मध्ये १९ कोटी २५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. तेरा वर्षं. ज्यांच्या पोरांची शाळा तेव्हा सुटली त्यांची पोरं आता संसाराला लागली असतील.

हे सगळं लिहिताना मला असं दाखवायचं नाहीये की सगळे लढे जिंकतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टिवी बेटांवरच्या डेनिस टिपाकलिप्पांनी सान्तोस या तेल-गॅस कंपनीच्या बारोसा गॅस प्रकल्पाविरुद्ध केस केली की आम्हाला विचारलंच नाही, जज साहेब बेटावर जाऊन वाळूत बसून लोकांचं ऐकून आले, २०२२ मध्ये ड्रिलिंगची परवानगी रद्द झाली, अपिलातही टिकली. सगळीकडे आनंद. आणि २०२४ च्या जानेवारीत त्याच प्रकल्पाच्या पाइपलाइनविरुद्धची दुसरी केस टिवीचे लोक हरले, केस लढणाऱ्या संस्थेवर कंपनीच्या कोर्टखर्चाचा लाखो डॉलरचा बोजा पडला आणि आता तिथला गॅस निघायला सुद्धा लागलाय. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात वुडसाइड कंपनीच्या नॉर्थ वेस्ट शेल्फ गॅस प्रकल्पाला सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने २०७० पर्यंत मुदत वाढवून दिली. २०७०! माझी मुलगी तेव्हा माझ्या आईच्या आत्ताच्या वयाची असेल.

म्हणून मला वाटतं की परवानगीच्या टेबलावर आणि कोर्टात जेवढं लढतो तेवढंच पैशाच्या टेबलावर लढायला हवं, आणि तिथे आपण मराठी लोक, जे ना सर्फिंग करतो ना इथले मूळ रहिवासी आहोत, तिथे मात्र आपण बसलेलोच आहोत. फक्त लक्ष नाही आपलं.

इथे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या पगारावर आता १२ टक्के सुपर जातं. सुपर म्हणजे तिकडचा प्रॉव्हिडंट फंड समजा, भारतातल्या वाचकांसाठी सांगते, फक्त इथे तो शेअर बाजारात मोठ्या प्रमाणात गुंतवतात. २०२२ पासून फंडांना आपण कशात किती गुंतवलंय त्याची पूर्ण यादी जाहीर करावी लागते. मी माझ्या फंडाची यादी उतरवून घेतली, हजारो ओळींची फाइल, शोधमध्ये वुडसाइड टाकलं, आलं. सान्तोस टाकलं, आलं. मी ज्या माणसांच्या विरोधात सह्या गोळा करते त्यांच्या कंपनीत माझ्याच म्हातारपणाचे पैसे. मग वाटलं ग्रीन ऑप्शन घेऊ, त्याची यादी काढली तर त्यात कोळसा वगळलेला पण गॅस होताच. नावावर जाऊ नका, यादी उघडून बघा. फोन केला तर पलीकडची मुलगी खूप गोड बोलली पण तिला माझा प्रश्नच नवीन होता, मग मी मेल लिहिलं, उत्तर आलं ते छापील, परत लिहिलं, मग एका माणसाने नीट उत्तर दिलं.

हे वेडेपणाचं वाटत असेल तर मार्क मॅकवेची गोष्ट सांगते. ब्रिस्बेनचा २३ वर्षांचा पोरगा, त्याने २०१८ मध्ये आपल्या रेस्ट या सुपर फंडावर केस केली की हवामान बदलाचा माझ्या पैशांना किती धोका आहे आणि तुम्ही त्याचं काय करताय ते मला सांगत नाही आहात. नोव्हेंबर २०२० मध्ये फंडाने तडजोड केली, धोका खरा आहे हे मान्य केलं आणि २०५० पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडला जातो तेवढाच परत शोषला जाण्याचं, ध्येय कबूल केलं. एक सभासद. आणि एप्रिल २०२४ मध्ये वुडसाइडच्या वार्षिक सभेत कंपनीचा हवामान आराखडा मतदानाला आला तर ५८ टक्के मतं विरोधात गेली. ती मतं कोणाची, मोठ्या फंडांची, आणि त्या फंडांना मार्केट फोर्सेससारख्या मोहीम चालवणाऱ्या गटांच्या सांगण्यावरून सभासद वर्षानुवर्षं मेल टाकत होते. त्याने प्रकल्प थांबला नाही हे खरं आहे, पण ५८ टक्के मालक नाही म्हणतात ही गोष्ट पुढचं कर्ज देणारी बँक लक्षात ठेवते.

आणि बँकेवरून आठवलं, कारण यात आपली स्टेट बँक पण आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये पंतप्रधान मोदी इकडे आले होते तेव्हा क्वीन्सलंडमधल्या अदानींच्या कारमायकल कोळसा खाणीसाठी स्टेट बँकेने एक अब्ज डॉलरपर्यंत कर्जाचा सामंजस्य करार केला. इथल्या मोठ्या चारही बँकांनी एकेक करून या खाणीपासून हात झटकले. २०१८ मध्ये अदानींनी खाण खूपच छोटी केली आणि स्वतःच्या पैशाने काढतो म्हणाले. मग २०२० मध्ये परत बातम्या आल्या की स्टेट बँक ५ हजार कोटींच्या कर्जाचा विचार करतेय, आणि २७ नोव्हेंबरला सिडनीच्या मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया वनडे सुरू झाली, पहिल्या काही ओव्हर्समध्येच दोन माणसं आत, एकाच्या हातात बोर्ड, स्टेट बँकेने हे कर्ज देऊ नये म्हणून. आपल्या घरोघरी मॅच लागलेली, कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं, आणि बऱ्याच जणांनी व्यत्यय म्हणून शिव्या घातल्या असतील. पण त्याच सुमारास युरोपातली अमुंडी ही मोठी गुंतवणूक कंपनी म्हणाली की हे कर्ज दिलंत तर तुमचे ग्रीन बॉण्ड आम्ही विकून टाकू. एका हाताने पर्यावरणाच्या नावाने पैसे उभे करायचे आणि दुसऱ्या हाताने खाणीला द्यायचे हे चालणार नाही, एवढं साधं.

खाण झाली, २०२१ च्या शेवटी कोळसा निर्यातीलाही निघाला. पण ज्या आकाराची ठरली होती, वर्षाला ६ कोटी टन, ती नाही झाली. पैशाची दारं बंद होत गेली की प्रकल्प आखडतो, ही बाईटचीच गोष्ट जमिनीवर.

माझ्या बाबांची पेन्शन स्टेट बँकेत येते. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, अगं आपले पासबुकातले पैसे एवढे लांब कशाला जातील. जातात बाबा. त्यांनी काही बँक बदलली नाही, त्या वयात बदलणारही नाहीत आणि मी आग्रहही केला नाही, पण शाखेत जाऊन मॅनेजरला विचारून आले, हे मला फार आवडलं.

उरणची असून तेलाविरुद्ध लिहिते म्हणून आमच्याकडचे काहीजण रागावतात, आणि त्यांचा राग मला कळतो. बॉम्बे हायचं तेल १९७४ ला सापडलं, पाइपने उरणला येतं, ओएनजीसीमुळे आमच्या आळीतल्या कितीतरी घरांवर स्लॅब पडला, पोरं शिकली. पण त्याच बॉम्बे हायवर जुलै २००५ ला आग लागली तेव्हा २२ माणसं गेली, आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज बुडाला तेव्हा सत्तरहून जास्त. ते कामगारच होते, कंत्राटावरचे, लांबलांबून आलेले. आणि पालघर-सातपाटीकडचे मच्छीमार समुद्राखाली तेल शोधायच्या सिस्मिक सर्व्हेमुळे ऐन हंगामात जाळी टाकता येत नाहीत म्हणून ओरडत असतात, त्यांचं तर मुंबईच्या पेपरात पण आतल्या पानावर येतं. जे आहे ते उद्या बंद करा असं मी कधीच म्हटलं नाही. नवीन नको म्हणते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने, जी काही आंदोलकांची संस्था नाहीये, २०२१ मध्येच सांगितलं की २०५० ला नेट झिरो गाठायचं असेल तर आधीच मंजूर झालेल्या सोडून नव्या तेल-गॅस क्षेत्रांची गरज नाही. आणि तुम्ही पण गाडी वापरता ना, हा प्रश्न मला दर गणपतीत एकदा तरी विचारतात. वापरते. स्ट्रोमलो-१ ला तेल लागलंच असतं तरी ते बाहेर यायला दहा-पंधरा वर्षं गेली असती, म्हणजे प्रश्न माझ्या आजच्या टाकीचा नव्हता, तेव्हाच्या टाकीचा होता. आणि तोवर काय काय बदलतं ते याच राज्यात बघा, पोर्ट ऑगस्टाचं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र मे २०१६ ला बंद झालं तेव्हा लोक अंधाराच्या गोष्टी करत होते, आज साउथ ऑस्ट्रेलियाची सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज वारा आणि सूर्यातून येते.

बाईटला अजून कायमचं संरक्षण नाहीये. इक्विनॉर गेली म्हणून समुद्राचं दार बंद झालेलं नाही, दुसरी कंपनी परवान्यासाठी अर्ज करू शकते, आणि जागतिक वारसा यादीत घालण्याची मागणी अजून मागणीच आहे. त्यासाठी सह्या चालू असतात, आपल्या भागाच्या खासदाराला लिहिता येतं.

मंडळात दिवाळीनंतर एक दुपार ठेवूया असं ठरतंय, ज्याने त्याने आपला लॅपटॉप घेऊन यायचं, आपापल्या फंडाची यादी उघडायची आणि वुडसाइड, सान्तोस, बीपी, शेवरॉन ही नावं शोधायची. मेलचा मसुदा मी मराठीत आणि इंग्रजीत करून ठेवलाय, त्यात तीनच गोष्टी विचारल्यात, की नव्या तेल-गॅस क्षेत्रांत माझे पैसे किती आहेत, त्या कंपन्यांच्या गेल्या सभेत तुम्ही मत कसं दिलंत, आणि पुढच्या सभेत कसं देणार आहात. ग्रुपवरच्या त्या दादाने पण येतो म्हणून कळवलंय, चहाचं तो बघणार आहे.